हरिसिंगाच्या दुकानाची पाटी

ऐतिहासिक व्हिडिओ गेम काढणारी माणसे भलतीच कष्टाळू असतात. तलवारीच्या मुठीवरची नक्षी, शिपायाच्या कोटाची बटणे, पावसात भिजलेल्या घोड्याची आयाळ, एकेका गोष्टीवर महिनोन्‌महिने जातात. इतिहासाचे प्राध्यापक सल्लागार म्हणून नेमले जातात, संग्रहालये पालथी घातली जातात, बंदुकीचा बार अस्सल ऐकू यावा म्हणून खरी बंदूक उडवून आवाज टिपला जातो. मग या सगळ्या मेहनतीच्या मागे एक भिंत उभी राहते. भिंत कोरी बरी दिसत नाही, म्हणून तिच्यावर काहीतरी लिहावे लागते. नेमके इथे येईपर्यंत सगळ्यांना झोप आलेली असते.

'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा २००९ सालचा, जगभर तुफान खपलेला गेम. त्यात कराचीत गोळीबार होतो. कराचीच्या भिंतींवर उर्दू असायला हवी, तिथे अरबी आहे. लिपी साधारण तशीच दिसते, मग काय बिघडले, असा हिशेब असावा. त्या हिशेबाने हिंगोलीच्या बसस्थानकावर नेपाळीत वेळापत्रक लावायला हरकत नाही. लिपी तर तंतोतंत तीच. याच गेममध्ये ब्राझीलच्या झोपडपट्टीचा एक नकाशा आहे. तिथल्या एका स्नानगृहात भिंतीवर चित्राची चौकट आणि चौकटीवर सुरेख अरबी अक्षरे. ती अक्षरे म्हणजे अल्लाहच्या सौंदर्याविषयीचे पवित्र वचन होते. गेम बाजारात आल्यावर तीन वर्षांनी, २०१२ मध्ये, मुस्लिम खेळाडूंनी ते दाखवून दिले, नकाशा मागे घ्यावा लागला आणि दुरुस्त करून परत आणावा लागला. चौकट बनवणाऱ्याने 'छान वेलबुट्टी आहे' एवढाच विचार केलेला असणार. ब्राझीलच्या न्हाणीघरात अरबी चौकट कशाला, हा प्रश्नही कोणाला पडला नव्हता.

टीव्हीवाले याहून पुढे गेले. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वासाठी २०१५ मध्ये बर्लिनजवळ सिरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट उभारला होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून अरबी जाणणाऱ्या तीन कलाकारांना घोषणा रंगवायला बोलावले. त्यांनी मन लावून काम केले आणि 'होमलँड वंशद्वेषी आहे' अशा अर्थाची वाक्ये ठिकठिकाणी ठळक अक्षरांत रंगवून ठेवली. दिग्दर्शक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक, सगळे त्या भिंतींसमोरून ये-जा करत राहिले. भाग प्रसारित झाला. मग कलाकारांनीच जाहीर केले की बाबांनो, आम्ही तुमच्याच भिंतीवर तुमचीच निंदा लिहून बिदागी घेऊन आलो.

याच्या मागचे कारण साधे आहे. ज्याला लिपी वाचता येत नाही, त्याला अक्षर हे चित्र दिसते. चित्र उलटे केले, अर्धे कापले, दोनदा चिकटवले तरी चालते. त्यात संगणकाची भर. अरबी आणि उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि एकमेकांचा हात धरून चालतात. हे ठाऊक नसलेले सॉफ्टवेअर त्यांना डावीकडून उजवीकडे, एकेकटे उभे करते. गेममधल्या अरबी पाट्यांत हा प्रकार इतका सर्रास आहे, की अरबी जाणणारे खेळाडू आता शत्रूकडे नंतर बघतात, आधी पाटी तपासतात.

देवनागरीचे हाल निराळे. 'हिंगोली' हा शब्द लिहिताना संगणक आधी 'ह' साठवतो, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी 'ह'च्या डावीकडे काढायची असते. पुष्कळ डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिप्यांसाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते आणि ती चालू करायची असते हे कॅलिफोर्नियातल्या चित्रकाराला कोणी सांगितलेले नसते. मग वेलांटी 'ह'च्या पुढे, 'ग'च्या अलीकडे जाऊन बसते. अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणाचे जे नाव वाचले जाते, ते पालकमंत्र्यांच्या स्वागतकमानीवर लावण्यासारखे राहत नाही.

वेलांटी जागेवर बसली तरी 'ल' उरतोच. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णलेखनाचा निर्णय काढून 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा काढावा असे ठरवून दिले. परदेशी गेमला हिंदीचा फाँट मिळतो, त्यात 'ल' दांड्याचा. म्हणजे हिंगोलीत पाय ठेवल्याबरोबर शासननिर्णयाचा भंग.

सगळेच गेमवाले असे निष्काळजी नसतात. 'असॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स' हा प्राचीन इजिप्तचा गेम २०१७ मध्ये आला, तेव्हा युबिसॉफ्ट या कंपनीने गूगलला हाताशी धरून चित्रलिपी वाचायला संगणकाची मदत होईल का, यावर संशोधनाचा प्रकल्पच सुरू केला. २०१८ मध्ये आलेला 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' हा झेक गेम तर त्याहून पक्का. काळ १४०३ चा, नायक लोहाराचा मुलगा, अर्थातच निरक्षर. त्याने पुस्तक उघडले की खेळाडूला पानावर अक्षरांची नुसती खिचडी दिसते. गावातल्या लेखनिकाकडे जाऊन शिकवणी घेतली की हळूहळू शब्द लागायला लागतात. पंधराव्या शतकातल्या खेड्यात भिंतीवर काय लिहिले होते, या प्रश्नाला गेमने दिलेले उत्तर असे, की कोणाला वाचता येत होते?

आता एखाद्या मराठी स्टुडिओने हिंगोलीवर ऐतिहासिक गेम काढायचे ठरवले असे धरू. कल्पना वाटते तितकी अचाट नाही. 'राजी' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला आणि २०२० मध्ये तो जगभर पोचला. त्याआधी २००९ मध्ये 'एम्पायर : टोटल वॉर' या इंग्रजी गेममध्ये मराठ्यांच्या फौजा घेऊन लढता येत होते. आणि हिंगोलीकडे मालमसाला भरपूर आहे. एकोणिसाव्या शतकात ही निजामाच्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या, फौजेची छावणी होती आणि छावणीच्या बाजारात साक्षात ठग राहत होते.

ही दंतकथा नाही. निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीची हकिकत दिली. या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. या हरिसिंगाने एकदा अंमलदार कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणायचे आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेले होते, फक्त ते दुसऱ्याचे होते. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता. हरिसिंगाने तो व्यापारी, त्याची माणसे आणि बैल हाकणारे अशा सगळ्यांना संपवले, माल स्वतःच्या परवान्यावर छावणीत आणला आणि उघड दुकान मांडून विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने आपणहून सांगितले म्हणून हे कळले. सांगतानाही एक झकास गंमत केल्यासारखा तो खूश होता.

गेमच्या पहिल्याच प्रसंगाला याहून चांगले काय हवे? छावणीचा बाजार, संध्याकाळची वेळ, गोरे अधिकारी कापडाला हात लावून भाव करताहेत आणि गादीवर ठगांचा नायक गजाने कापड मोजतोय. स्टुडिओतला आर्ट डिरेक्टर उत्साहाने फळ्यावर लिहितो : हरिसिंगाचे दुकान, वर पाटी. आणि गाडी अडते. पाटी कोणत्या लिपीत?

देवनागरी म्हणावी, तर त्या काळी मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत. मोडी म्हणावी, तर हरिसिंग उत्तरेकडच्या ठगांच्या घराण्यातला, त्याला मोडी कुठून येणार? दरबारची भाषा तेव्हा फारसी. गिऱ्हाईक निम्मे इंग्रजी बोलणारे. चर्चा दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी इतिहासाचे सल्लागार प्राध्यापक चहा पिता पिता सांगतात, की १८३० च्या सुमाराला अशा बाजारात दुकानाला पाटीच नसे. दुकान कोणाचे ते सगळ्या गावाला माहीत, वाचता येणारे मूठभर, पाटी लावायची कोणासाठी? ही ऐतिहासिक अचूकता ऐकून आर्ट डिरेक्टरचा चेहरा पडतो. पाटी नाही म्हटल्यावर खेळाडूला ठगाचे दुकान सापडणार कसे? ते सापडू नये यावर तर हरिसिंगाचा सगळा धंदा चालत होता.

त्या बाजारात लेखी वस्तू होती ती एकच, परवाना. तो अस्सल होता, सहीशिक्क्यासह, शुद्धलेखनाची चूक नसलेला. खोटे काय ते त्याच्या जोरावर आलेल्या गाठोड्यात होते. पण गेममध्ये कागदाचा फाँट तपासणारे पुष्कळ भेटतात, गाठोडे सोडून बघणारे कमी.

बरे, ठगांचा काळ अवघड जातो म्हणून स्टुडिओने शंभर वर्षे पुढे यायचे ठरवले, निजामी राजवटीच्या अखेरीला. इथे पाट्या आहेत, कागद आहेत, सगळे आहे. जरा जास्तच आहे. १८८० च्या दशकात दरबारातून फारसी जाऊन उर्दू आली होती. हैदराबाद संस्थानच्या नोटेवर किंमत उर्दू, इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कानडी अशा पाच भाषांत छापलेली असे. अक्षरे जागेवर बसवायला पाच लिपीतज्ज्ञ लागतील, म्हणजे गेममधली नोट तयार करायला खऱ्या नोटेपेक्षा जास्त खर्च येणार. त्यातही हिशेब दोन : संस्थानचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा, आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. खेळाडूने तलवार विकत घेतली तर दुकानदाराने आधी विचारले पाहिजे, हाली देताय की कलदार?

उर्दू पाटी नस्तालीक वळणाची हवी. ही अक्षरे एका सरळ रेषेत बसत नाहीत, वरून खाली तिरकी घसरत येतात. संगणकाला हा उतार बरीच वर्षे झेपला नव्हता. १९८१ च्या सुमाराला नूरी नस्तालीक आली तेव्हा कुठे छपाईत ती जमली. गेमवाल्यांना ही कटकट नको असते, म्हणून ते नस्ख वळण वापरतात आणि हिंगोलीची कचेरी कैरोतली दिसायला लागते. मोडीची तर आणखी मजा. शिवकालापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या लिपीत मराठी माणसाने जमिनीचे तंटे, सावकारी आणि सोयरिकी लिहिल्या, तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ साली. तोवर संगणकाच्या दृष्टीने महाराष्ट्राने तीनशे वर्षे काही लिहिलेलेच नव्हते.

मग तारखा. निजामी कागदावर फसली सन असे. हैदराबादचा जमीन महसुलाचा कायदा १३१७ सालचा आहे. हा आकडा पाहून एखादा तरुण संशोधक आनंदाने ओरडेल, की संत नामदेवांच्या हयातीतला कायदा सापडला! नामदेव १२७० ते १३५० मधले, हिंगोली जिल्ह्यातल्याच नर्सीचे, आणि १३१७ जवळपास मधोमध. पण हे फसली १३१७, म्हणजे इसवी सनाचे १९०७. ५९० वर्षांची ही चूक गेममध्ये शिरली तर नामदेवांच्या हाती सातबारा येईल.

नर्सीचा विषय निघालाच तर तिथे दुसरा खड्डा आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, शीख भाविक नर्सीला येतात, गुरुद्वारा आहे, गुरुमुखी पाट्या आहेत. आज नर्सीला जाऊन फोटो काढून आणणारा चित्रकार त्या पाट्या हौसेने नामदेवांच्या काळात लावून देईल. गुरुमुखीला आजचे रूप दिले गुरू अंगददेवांनी, सोळाव्या शतकात. नामदेव त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. फोटो खरा, पाटी खरी, गाव खरे आणि तरीही दृश्य सपशेल चूक.

औंढ्याला तर मूर्तीच फसवते. औंढा नागनाथाच्या देवळात नंदी समोर नाही, मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनाला समोर जागा मिळाली नाही, ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी आख्यायिका. देवळांचे तयार मॉडेल वापरणारा संगणक-कारागीर नंदी मागे बघेल, 'ही काहीतरी गडबड झालेली दिसते' म्हणेल आणि माउसने उचलून समोर आणून ठेवेल. जे देवाने वळवले ते त्याने एका क्लिकवर परत फिरवले.

हिंगोलीची गावठाणातली नावेही नवख्याला चकवतात. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ही नावे छावणीच्या काळची. १९०३ मध्ये ती फौज मोडली तरी नावे कोणी मोडीत काढली नाहीत. पुण्याहून आलेला मुलगा कॅमेरा गळ्यात अडकवून एखाद्या काकांना विचारेल, ''काका, तोफखाना कुठं आला?''

''ह्यो काय, तुमी उभे हायेत त्योच.''

''आणि तोफा?''

''तोफा कशाच्या घेऊन बसलात बाबा? हितं नळाला पानी येईना.''

रेल्वे स्थानकावर पोचला तर पाटी 'हिंगोली डेक्कन'. त्याला वाटेल, कोणी तरी पुण्याच्या जिमखान्याची पाटी चुकून इकडे लावली. पण ते स्थानकाचे अधिकृत नाव आहे. सिंधमध्येही हैदराबाद आहे म्हणून निजामाच्या हैदराबादला 'डेक्कन' जोडत; तसे इथे हिंगोलीच्या पाठीलाही ते चिकटले आहे. तालुक्याच्या एका गावाचे नाव मराठीत वसमत, इंग्रजी कागदांवर बसमत, आणि विधानसभेच्या मतदारसंघाला बसमथ. गेममध्ये एकाच रस्त्यावर ही तिन्ही नावे लावली तर परीक्षक गुण कापतील. निवडणूक आयोगाचे कोणी कापले नाहीत.

आर्ट डिरेक्टर आता घायकुतीला आलेला आहे. तो म्हणतो, ठीक आहे, अगदी अलीकडचा काळ घेऊ, स्वातंत्र्यानंतरचा. पण इथेही सरकारे फार भराभर बदलली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम. मग भारतीय संघराज्यातले हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. बारा वर्षांत चार राजवटी आणि भिंत आपली होती तिथेच. कचेरीच्या दारावरच्या पाटीतला रंग वाळायच्या आत सरकार बदललेले. गेममध्ये १९५८ सालच्या हिंगोलीत 'महाराष्ट्र शासन' लिहिले तर चूक, 'हैदराबाद' लिहिले तरी चूक.

सत्तरच्या दशकातली भिंत त्या मानाने सोपी. तिच्यावर गेरूने रंगवलेले असणार : 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. शेजारी लाल त्रिकोण आणि दोन मुलांचे कुटुंब. दाराच्या चौकटीजवळ हिवतापवाल्यांनी टाकलेला फवारणीचा क्रमांक आणि तारीख. पण इथेही पंचांग बघायला हवे. देशात देवीचा शेवटचा स्थानिक रोगी १९७५ च्या मे महिन्यात सापडला. गेम १९८२ सालचा असेल तर घोषणा पुसट करावी लागेल, पुसायची मात्र नाही. कारण हजार रुपयांच्या आशेने ती भिंतीवर नंतरही पुष्कळ वर्षे टिकून होती. नव्वदच्या दशकात ट्रॅक्टर दाखवायचा तर नंबरपाटी एमएच २२ ची, म्हणजे परभणीची. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला आणि मग त्याला एमएच ३८ मिळाले. १९९५ सालच्या ट्रॅक्टरला एमएच ३८ लावणाऱ्याला सेनगावातले शेंबडे पोरही हसेल.

म्हणून शेवटी स्टुडिओ ठरवतो, की गेम २०२४ सालच्या हिंगोलीचा. पुढे पन्नास वर्षांनी तो आपोआप ऐतिहासिक होईल. संदर्भाला अख्खे शहर उभे आहे. २०२२ च्या कायद्याने दुकानांवर मराठी पाटी देवनागरीत, बाकीच्या लिप्यांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत सक्तीची झाली. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना आणखी दोन महिने दिले. तेव्हा आता पाट्या आहेत आणि मोठ्या आहेत. चित्रकार बसस्थानकाच्या चौकात उभा राहून एकूण एक पाटी टिपतो. वाढदिवसाचे फ्लेक्स टिपतो, त्यातले भावी आमदार टिपतो, फ्लेक्सच्या तळाशी शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो टिपतो. मालवाहू टेंपोच्या कपाळावरचे 'आईचा आर्शिवाद' टिपतो. 'शुध्द शाकाहारी' टिपतो. एका फ्लेक्सवर डीटीपीवाल्याकडचा जुना फाँट दगा देऊन मधली ओळ थेट रोमन अक्षरांचा कचरा झालेली असते, तीही टिपतो. तंतोतंत, जसेच्या तसे, एकही वेलांटी न हलवता.

हे तंतोतंतपण शास्त्राला धरून आहे. पाँपेईच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचे अकरा हजारांहून अधिक मजकूर सापडले. उमेदवारांचा प्रचार, प्रेमाची कबुली, खानावळवाल्याला शिव्या, असे सगळे आहे आणि लॅटिनच्या चुका रग्गड. भाषातज्ज्ञ त्या चुकांवर जीव टाकतात, कारण सामान्य रोमन माणूस कसा बोलत होता ते चुकांमधूनच कळते. शुद्ध लॅटिन लिहिणारा सिसेरो या कामी निरुपयोगी. 'आर्शिवाद'वर मराठीतल्या रफाराच्या स्थलांतराचा प्रबंध पुढे कोणी लिहीलच.

गेम बाजारात येतो. पहिल्या आठवड्यातली परीक्षणे एकमुखाने म्हणतात, की चित्रण उत्तम, पण मराठी पाट्यांत अक्षम्य चुका. परदेशी कंपनीने केले असते तर समजू शकलो असतो, मराठी मुलांनी असे करावे? मुंबईतला एक समीक्षक 'आशीर्वाद'चा दाखला देतो, पुण्यातले तिघे त्याच्या वाक्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढतात. स्टुडिओ घाबरतो. प्रमाणलेखनाच्या नियमांचे पुस्तक आणून, मुद्रितशोधक बसवून, रात्रंदिवस काम करून सगळ्या पाट्या शुद्ध केल्या जातात. 'आशीर्वाद' होतो, 'शुद्ध' होते, रोमन कचऱ्याच्या जागी सुबक शुभेच्छा येतात, बसमत-बसमथ दोन्ही जाऊन सगळीकडे वसमत होते, स्थानकावरचे 'डेक्कन' उडते आणि जाता जाता औंढ्याचा नंदी समोर येतो. अद्ययावत आवृत्ती सोडली जाते.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून पहिली तक्रार येते, ''गेम भारी हाय भौ, पन हे गाव कोन्तं हाय?''